गोबरगॅसचं विरजण

यवतहून मला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून वडिलांनी सकाळीच गोठा धुतला. शेणाचा वास पाहुण्यांच्या नाकात जाऊ नये, एवढाच हेतू. बाटलीभर फिनेल ओतलं, तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून आणखी एक बाटली ओतली. गोठ्याची नाली गोबरगॅसच्या टाकीत जाते हे त्यांना ठाऊक होतं. ती त्यांनीच काढली होती. पाहुणे पोहे खाऊन गेले आणि नकार कळवला. पाठोपाठ शेगडीही मंद होत होत विझली.

मी शिरूरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. शेणाचा गॅस टाकीतले जिवाणू करतात, ते फिनेलनं मेले, असं मी घरात सांगितलं. वडील म्हणाले, जिवाणू मारायलाच तर फिनेल असतं.

उपाय अवघड नव्हता. टाकी उपसायची, नवं शेण भरायचं आणि कुणाच्या तरी चालू टाकीतली स्लरी, म्हणजे आंबलेलं शेणपाणी, आणून त्यात कालवायची, दुधाला विरजण लावतात तसं. न्हावऱ्याच्या आमच्या वस्तीवर चालू टाकी एकच होती, शेजारी थोरल्या चुलत्यांकडं. पण दूध सोसायटीच्या निवडणुकीत वडील आणि चुलते एकमेकांविरुद्धच्या पॅनेलमधून उभे राहिले होते, दोघेही पडले होते आणि तेव्हापासून त्यांचं बोलणं बंद होतं. मग बायकांचंही बंद झालं, कुणी तसं सांगितलं नसताना.

दोघा भावांना ते सोसत होतं. आईला सोसत नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा तिला धड भाकरी थापता येत नव्हती, ती चुलतीनं शिकवली. कांद्याची काटणी असो की कुणाचं दवाखान्यात नेणं, दोघी बरोबर असायच्या. आता आई एकटीच शेवया करायची आणि सारखी चिडायची, बहुतेक वेळा माझ्यावर. चुलतीच्या घरात भांडं पडलं तरी हिचा हात थांबायचा. मला ते बघवत नसे.

घरात सिलिंडर होता, त्यामुळं कुणी उपाशी मरणार नव्हतं. तरी टाकी भरून झाल्यावर आईनं बादली उचलली. वडील म्हणाले, तिकडून काही मिळायचं नाही. दिवेलागणीची वेळ होती. मी तिच्यामागून गेले.

चुलती दारातच होती. आई अंगणात उभी राहून म्हणाली, "आक्का, विरजण पायजे व्हतं. गॅसला."

चुलतीनं बादलीकडं बघितलं, मग आईकडं. "दिवं लागल्यावर विरजण देत न्हाईत. सकाळी ये."

आम्ही रिकामी बादली घेऊन परतलो. वडिलांचा चेहरा खुलला. मी मात्र भडकले. संध्याकाळी दही, मीठ बाहेर देत नाहीत हे मलाही माहीत होतं, पण ही स्लरी होती. जिवाणूंना दिवेलागण कळत नाही, असं मी बरंच काही बोलले. आई पीठ मळत म्हणाली, "न्हाई म्हणाली का ती? सकाळी ये म्हणाली."

सकाळी आई चांगलं लुगडं नेसून शेणाची स्लरी आणायला गेली. एकेक बादली आणायची, परत जायची, आणि दर खेपेला तिकडं चहा व्हायचा. जेवायच्या वेळेपर्यंत काम संपलं नाही. आमच्या दोघींच्या हातून ते तासाभरात उरकलं असतं, पण मला येऊ दिलं नाही.

काही आठवड्यांनी शेगडी निळी पेटली. पहिला चहा वडिलांना दिला. या चहाखाली विरोधी पॅनेलचे जिवाणू जळताहेत, असं मी त्यांना सांगितलं. शास्त्रीयदृष्ट्या ते चूकच होतं. जळतो तो गॅस. वडिलांनी कप खाली ठेवला, थोडा वेळ त्याच्याकडं बघितलं आणि पिऊन टाकला. चुलत्यांशी मात्र ते अजून बोलत नाहीत. आई आणि चुलतीही, विरजण घेऊन झाल्यावर, पुन्हा आपापल्या अंगणात राहिल्या. जायला काही कामच उरलं नव्हतं.

या उन्हाळ्यात एका दुपारी चुलती बादली घेऊन आमच्या अंगणात आली. गोठा धुताना फिनेल जरा जास्त पडलं म्हणाली, टाकी बंद पडली. तिच्याकडं कुणी पाहुणे आले नव्हते. तिच्या मुली केव्हाच नांदायला गेल्यात.

"तुमच्याकडचं विरजण मिळंल का?"

आई धान्य निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. घड्याळात तीन वाजले होते आणि अंगणात पाय भाजत होता.

"आक्का, दिवेलागण झाली की," आई म्हणाली. "आता न्हाई देता यायचं. सकाळी या."

चुलतीनं डोळ्यांवर हात धरून उन्हाकडं बघितलं. "व्हय, झाली खरी," म्हणाली, आणि ओट्याच्या सावलीत बादली पालथी घालून तिच्यावर बसली.