टाकीवाल्याचे पंधरा दिवस

गावाने त्यांना नावाने कधी हाक मारलीच नाही. आधी नुसता 'टाकीवाला', केस पिकल्यावर 'टाकीवाले काका'. शंभर-सव्वाशे घरांचं सांडपाणी गावाबाहेरच्या टाक्यांत येई आणि स्वच्छ होऊन ओढ्याला जाई. मधल्या टाकीत दिवसभर हवा सोडली की घाण खाणारे जंतू जोमाने वाढतात. बाकीचं काम म्हणजे त्या जंतूंची बडदास्त. काकांनी ती सत्तावीस वर्षं ठेवली. आता ते घरीच असतात. बायकोला जाऊन चार वर्षं झाली, आणि आठवतं ते नेमकं नोकरीचं पहिलं वर्ष.

बायको स्वच्छतेच्या बाबतीत महाकडक. कामावरून आले की मागच्या दाराने आत, आधी अंघोळ, मग चहा. "टाकी तुमची, घर माझं," म्हणायची. पण तपासणीला साहेब येणार, काम पसंत पडलं तरच नोकरी कायम होणार, हे कळल्यावर तिला राहवेना. काका साहेबांना आणायला स्टँडवर गेले, तेवढ्यात ही टाकीवर हजर. शेवटच्या टाकीत चिमूट चिमूट घालायची ब्लीचिंग पावडर कोठीत होती. तिने अख्खं पोतं मधल्या टाकीत रिकामं केलं.

साहेब खूश. "घाणीच्या वासाचा मागमूस नाही!" म्हणाले. तिसऱ्या दिवशी पाणी काळं पडलं आणि गावावर नाक धरून जेवायची वेळ आली. जंतू एकजात मेले होते. रिकामं पोतं बघून काकांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अहो, घाण दिसली म्हणून धुतली," बायको रडकुंडीला आली. "त्यात जीव असतात हे मला कुणी सांगितलंय?"

खरंच, त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

गावाची बैठक भरली. टाकी बंद करा, याला घालवा, हाच सूर. काका म्हणाले, "चूक माझी. पंधरा दिवस द्या."

उपाय एकच होता. शेजारगावच्या टाकीतला जिवंत गाळ आणून ओतायचा आणि नव्याने जंतू वाढवायचे. कंडक्टरने तो गाळ बसमध्ये घ्यायला साफ नकार दिला. म्हणजे तीन मैल पायी. काका निघाले तर बायको दारात उभी, हातात स्वयंपाकघरातले तेलाचे दोन डबे, घासून लख्ख. "चला," म्हणाली.

रोज दोन खेपा. लग्नानंतर दोघं एवढं कधी बोलली नव्हती. एकदा गाळ साडीवर सांडला. ती आधी किंचाळली, मग इतकी हसली की डबे खाली ठेवावे लागले. संध्याकाळी दोघंही मागच्या दाराने घरात.

पंधराव्या दिवशी पाणी नितळ झालं. काका बाटली भरून बैठकीत गेले. गावचे प्रमुख म्हणाले, "या खेपेला माफ. पुन्हा असली चूक नको."

काकांनी मान डोलावली. तेवढ्यात मागून बायको उठली. करपलेल्या भाजीचा दोषही जिने आयुष्यभर चुलीला दिला, ती भर बैठकीत म्हणाली, "पावडर मी ओतली. यांनी माझ्यापायी ऐकून घेतलं. काय बोलायचं ते मला बोला."

बैठक तिथेच उठली. नोकरी राहिली.

लोक आजही विचारतात, "काका, त्या घाणीत जन्म कसा काढलात?" ते हसून विषय बदलतात. ते पंधरा दिवस कुणी परत देत असेल, तर दुर्गंधीसकट घ्यायला ते एका पायावर तयार आहेत.