मढच्या किनाऱ्यावरची गळकी होडी

घाटकोपरहून मढला कसं जायचं, असं दोघातिघांनी विचारलंय. सांगते. पण मी पहिल्यांदा गेले ती काही सहलीला नव्हे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाबांना जाऊन महिना झाला होता. बाबा मालवणकडचे, होड्या बांधणारे सुतार. मुंबईत आल्यावर गिरणीत मागांची लाकडी कामं केली. गिरणी बंद पडली तेव्हा साठीच्या घरात होते, तरी पुन्हा होड्यांकडे वळले. आठवडाभर मढला काम करायचे आणि शनिवारी घाटकोपरला माझ्या खोलीवर यायचे. माझे यजमान त्याआधीच गेले होते. घरात आम्ही दोघंच.

आमच्याकडे मासे विकायला येणारी बाई निरोप घेऊन आली. "पारूबायची नवी होडी गळते. तुझ्या बापसानं बांधलेली. आता दुसरा सुतार बघणार म्हणतात."

बाबांची होडी गळते, हे वाक्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्या दिवशी मी आमटीत दोनदा मीठ घातलं.

शेजारची सुमन म्हणाली, "तू जाऊन काय करणार गं? तुला सुतारकामातलं काय कळतं?"

"बघणार."

"बघून?"

"सुमे, गप बस ना."

मासेवालीबरोबर 'येते' असं कळवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघाले. घाटकोपर ते अंधेरी बस, अंधेरीहून वर्सोव्याला दुसरी बस, तिथून खाडी ओलांडायला तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. सगळं मिळून दोन-तीन रुपयांत व्हायचं. अंधेरीपर्यंत रस्ता खड्ड्यांचा, साकीनाक्याला बस अर्धा तास अडकली. पिशवीत वाचनालयाचं पुस्तक होतं. शाळा माझी चौथीतच सुटली. वाचायची गोडी नंतर लागली ती माझी मीच लावून घेतली, आणि तेव्हापासून पुस्तकाशिवाय मी कुठे जात नाही. त्या दिवशी मात्र एकच पान चार वेळा वाचलं आणि पुस्तक मिटलं.

डोक्यात एकच. कुठे चुकलं असेल? फळी कच्ची लागली? खिळा फसला? शेवटच्या महिन्यात बाबांच्या पायाची जखम चिघळली होती. तसेच लंगडत कामावर जायचे. दुखण्यानं हात ढिला पडला असेल का?

वर्सोव्याला पोचले तेव्हा तरीची ये-जा बंद होती. आषाढ संपत आला होता, खाडी उसळलेली. पावसाळ्यात जाणार असाल तर हे लक्षात ठेवा: सरळ मालाडला उतरा आणि मढची बस धरा. लांब पडतं, पण वाट बघावी लागत नाही. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मी सुक्या मासळीच्या वासात तासभर येरझाऱ्या घातल्या. शेवटी पाणी जरा बसलं आणि तर सुटली. तरीत मी उभीच होते.

तरवाला म्हणाला, "ओ बाय, बसा ना खाली. तुमच्यामुळं आमी पन डोलतोय."

मागून कोणीतरी बोललं, "तिला पोहून जायचंय रे!" सगळे हसले. मी बसले.

मढला होडी कोणाला विचारावी लागली नाही. किनाऱ्यावर माडाच्या झापांच्या मांडवाखाली एकच नवी होडी होती. पारूबाय तिच्या सावलीत जाळं शिवत बसली होती. साठीची, कपाळ मोकळं, आवाज खणखणीत. तिचा मुलगा दत्तू होडीला टेकून उभा होता.

"आलीस? बरा झाला," पारूबाय म्हणाली. "बग तुझ्या बापसाचा काम."

दत्तूनं सांगितलं, मांडवाची झापं उडाली आणि दोन दिवसांच्या पावसानं होडी काठोकाठ भरली. तेव्हा बाहेरून थेंबांची रांगच्या रांग लागली. मला दाखवायला त्यांनी पाणी उपसलं नव्हतं.

मी शिडी चढून आत डोकावले. पाणी काठाखाली वीतभर उतरून तिथेच थांबलं होतं. मी उतरले आणि खालच्या फळ्यांवरून हात फिरवला. कोरड्या. ओल होती ती फक्त सगळ्यात वरच्या सांध्याला.

दोन फळ्यांच्या मधल्या फटीत तेलात भिजवलेली कापसाची जाड वात ठासतात, वर राळेचा लेप देतात. त्या वाती घरी मीच वळायची. दत्तूकडून छिन्नी घेऊन मी लेप उकरला आणि वातीचं टोक ओढलं. पांढरी, फुगलेली. पिळली तर पाणी गळालं.

माझ्या लगेच लक्षात आलं. शेवटच्या आठवड्यात गादीवाल्याकडचा कापूस संपला होता. बाबांच्या जखमेसाठी औषधाच्या दुकानातून आणलेला गठ्ठा घरात होता. शुभ्र, स्वच्छ. मला वाटलं, हा तर त्याहून चांगला. त्याच्याच वाती वळल्या. तो कापूस पाणी शोषायलाच केलेला असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "बाबांची नाही." आणि सगळं सांगितलं.

पारूबायनं सुई थांबवली. "मंग तुझ्या बापसाला कळला नाय? एवढी वर्सं वाती ठासल्या त्यानं!"

उत्तर दत्तूनं दिलं. "कळलं होतं, आये. त्या दिवशी त्यांनी वात उलगडून बोटांत चोळली. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, असांदे, राहू दे. खालचे सांधे आधीच्या वातींनी भरले आणि ही घेऊन शिडी चढले. वरचा सांधा एरवी पाण्यात कुठं असतो? म्हणाले, हा पुढच्या आठवड्यात परत भरू."

पुढच्या आठवड्यात बाबा अंथरुणावरून उठलेच नाहीत.

मी वाळूत बसले. रडू आलं नाही, राग आला. त्या शनिवारी बाबा माझ्यासमोर बसून जेवले होते. एका शब्दानं सांगायचं होतं ना!

"सांगवला नसेल म्हाताऱ्याला," पारूबाय म्हणाली. "ऊठ आता. पुनवेला होडी पान्यात जायची हाय. वरचा सगला काड आनि परत भर."

"मी?"

"मंग काय मी? वाती तुज्या!"

तिनं घरातली जुनी गादी आणून उसवली. मी वाती वळल्या, तेलात भिजवल्या, दत्तूनं ठासल्या. एक वात बारीक झाली तर पारूबाय ओरडली, "समईला लावतेस काय गो?" दुपारी तिच्या ओट्यावर सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी जेवले. मढला गेलात तर ओळख काढून कोणाच्या तरी घरीच जेवा. चार वाजता राळेचा लेप झाला. दुसरा सुतार आणायची गोष्ट परत निघाली नाही. निघताना पारूबाय दत्तूला म्हणाली, "त्या मासलीवालीला सांग, निरोप दिला तसा हा पन दे सगल्यांना. म्हाताऱ्याचा काम चोख होता."

परत मालाडवरून आले. घरी पोचले तेव्हा सुमन दारातच उभी.

"काय गं, काय निघालं? कोणाची चूक?"

"माझी," मी म्हणाले.

ती बघतच राहिली, कारण मी हसत होते. आता कोणी मढबद्दल विचारलं की आधी बस, तर, भाडं सांगते. मग शनिवारचं ते जेवण आठवतं. बाबांनी त्या दिवशी आणखी भात मागून घेतला होता, आणि माझ्या वातींबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. तो राग अजून पुरता गेलेला नाही. जावा असं वाटतही नाही.