साठ पावलांवरचं फाटक

मी आयुष्यात एकदाच धुकं रंगवलं, आणि तेही अक्काच्या नवऱ्याची नोकरी वाचवायला. एरवी मी देव रंगवायचो. तंजावरच्या राजवाड्यामागच्या बोळात माझी खोली होती. तिथं गुबगुबीत कृष्ण, त्यांना सोन्याचा वर्ख, काचेचे खडे आणि शेवटी सगळ्याभोवती बारीक काळी रेघ. आमच्या चित्रांत लांबचं नि जवळचं असं काही नसतं. कृष्ण जेवढा स्पष्ट तेवढीच मागची गाय, तेवढाच पडदा. रिकामी जागा तर नाहीच. ती दिसली की माझे गुरू पट्टीनं बोटांवर मारत.

भावोजी एका खासगी कंपनीची सकाळची पहिली बस पापनाशमकडे नेत. अकरा वर्षं तोच रस्ता. मार्गळी महिन्यातल्या, म्हणजे ऐन थंडीतल्या एका सकाळी दाट धुक्यात त्यांची बस रेल्वेच्या बंद फाटकावर आदळली. गाडी अजून यायची होती म्हणून उतारू वाचले, पण फाटकवाल्याचा हात मोडला. कंपनीनं भावोजींना घरी बसवलं आणि चौकशी लावली. ते एकच सांगत होते, धुक्यात फाटक दिसलंच नाही. मॅनेजर म्हणाले, किती धुकं होतं ते दाखवा. एका फोटोवाल्यानं तिथं जाऊन एक फोटो काढून पाहिला, तर कागदावर नुसता राखाडी डाग उमटला.

"तूंच काढ की रे," अक्का म्हणाली. "देवाला सोनें लावतोस, पनी काढायला काय होतें?" धुक्याला आमच्या घरातल्या तंजावरी मराठीत तमिळ शब्दानं पनीच म्हणत.

मी डोक्यात राख घालून घेतली. पनी म्हणजे काय कृष्णाचा मुकुट आहे का, वगैरे बरंच बोललो. अक्का ऐकून घेत राहिली. तिची तिन्ही पोरं भिंतीशी बसून आमच्याकडे पाहत होती. मी उठून रंग बांधायला घेतले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही त्या जागी पोचलो. भावोजींनी फाटकापासून मागे पावलं मोजली. चाळीस पावलांवर फाटक पुसट दिसत होतं. साठ पावलांवर काहीच नाही. "बस थांबवायला इतकें तरी अंतर पाहिजे," ते म्हणाले. "इथें बस, इथून काढ."

मी रस्ता, तारेचे खांब, ताडाचं झाड असं सगळं नीट काढलं आणि वरून पांढरा हात फिरवला. शेतावर कुणी ताक सांडल्यासारखं दिसू लागलं. भावोजी हसले. त्या दिवसांत त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं, तरी मला इतका संताप आला की मी ब्रश फेकून दिला. तो चिखलात पडला. त्यांनीच जाऊन आणला आणि धोतराला पुसून माझ्या हातात दिला.

पुढच्या सकाळी मी काही न काढता नुसता खांबांकडे बघत बसलो. पहिला खांब काळा होता. दुसऱ्यात अर्धं धुकं मिसळलं होतं. तिसऱ्यात खांब नावापुरता, आणि चौथा सापडेना. मग मी धुक्याचाच रंग आधी कालवला. तो पांढरा नव्हता, राखेत किंचित पिवळा घातल्यावर जमला. हा रंग पहिल्या खांबात थोडा, दुसऱ्यात निम्मा, असा वाढवत नेला. खांबांचे बुंधे शेंड्यांपेक्षा जास्त फिकट ठेवले, कारण शेतातल्या पाण्यापाशी धुकं दाट होतं. तिसऱ्या सकाळी चित्र पुरं झालं. फाटकाच्या जागी नुसतं धुकं होतं. ती मोकळी जागा पाहून गुरूंची पट्टी आठवत होती, पण खरं तेच होतं.

घरी येऊन सवयीनं शेवटची बारीक रेघ फिरवली, बांधावर, पहिल्या खांबावर, इथं तिथं, आणि चित्र कापडात गुंडाळलं.

चौकशीच्या खोलीत मॅनेजरांनी चित्र खिडकीशी धरलं. "पनी अशीच असते," ते तमिळमध्ये म्हणाले. शेजारी भावोजींनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. मग मॅनेजरांचं बोट चित्रातल्या रस्त्यावरून पुढे सरकत गेलं आणि थांबलं.

"हे काय?"

मी वाकून पाहिलं. त्या धुक्यात केसाएवढ्या बारीक दोन आडव्या रेघा होत्या. फाटक. माझ्याच हातचं.

"म्हणजे दिसत होतं?"

"नाही साहेब."

"मग काढलंत कसं?"

ब्रशचा केस चिकटला असेल, असं म्हणता आलं असतं. ते ओठांपर्यंत आलंही होतं. पण चित्रकामात मला खोटं बोलता येत नाही, घरात कितीही येत असलं तरी. "तिथं फाटक आहे हे मला माहीत होतं," मी म्हणालो. "जागा रिकामी वाटली. हात गेला."

मॅनेजरांनी चित्र टेबलावर ठेवलं. "तुम्ही तिथं तीन सकाळी बसलात आणि तुमच्या हाताला ते माहीत झालं. हे अकरा वर्षं जातात. यांना माहीत नव्हतं?"

मला ओरडून भांडायचं होतं. पण तेवढ्यात भावोजी उठून उभे राहिले.

"माहीत होतं, साहेब. पण एरवी त्या वेळेला गाडी नसते. फाटक उघडंच असतं, मी रोज उघडंच पाहत आलो. त्या दिवशी पुढं काही दिसलं नाही, तरी मनात ते उघडंच होतं. मी बस हळू केली नाही."

त्यांची बस काढून घेतली. डेपोत बसगाड्या धुवायचं काम दिलं. परत येताना मी तीनदा माफी मागितली. तिन्ही वेळा त्यांनी नुसती मान हलवली.

अक्का दारातच उभी होती. मी सगळं सांगितलं, रेघेचंही. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही, माझ्यावर उसळली. "केस चिकटला म्हणून सांगायचें होतें! येवढें खोटें सांगायला काय झालें होतें तुला?"

भावोजी पायावर पाणी घेत होते. तांब्या खाली ठेवून ते तिला म्हणाले, "तो खोटें सांगिटला असता तर मी गप बसलों असतों. आणि उद्यां त्याच रस्त्यानें तसाच गेलों असतों."