तुकडे सुशीलाचे, भिंत माझी

पांढुर्ण्यात आमच्या वॉर्डात येऊन तुम्ही सुखदेव मिस्त्रीचं घर विचारलंत, तर लोक आधी डोकं खाजवतील. मग एखादा म्हणेल, "अच्छा, सुशीलाबाईचे मिस्टर!" आणि बोट दाखवेल. तीस वर्षं मी या गावात फरशी बसवतोय. अर्ध्या गावाचे पाय माझ्या कामावरून फिरतात, पण पायाखालच्या माणसाचं नाव कोण लक्षात ठेवतो?

सुशीला माझी बायको. तिची गोष्ट सांगतोय, आणि मी तिच्यावर जळतो हे पहिल्यांदाच सांगून टाकतो. नंतर लपवलं म्हणायला नको.

ती लोधीखेड्याची. आईबाप दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायचे. आठवीनंतर हीपण त्यांच्याबरोबर जाऊ लागली. लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. मला रेजा लागायचीच, म्हणजे मसाला कालवायला आणि फरशा वाहून द्यायला बाई. बाहेरची कशाला शोधायची म्हणून बायकोलाच कामावर नेली. ती असा मसाला कालवायची की गुठळी शोधून सापडायची नाही. हे मी तिला तेव्हा कधी बोललो नाही, आणि पुढे बोलायची वेळ निघून गेली.

माझं काम सरळ रेषेचं. सुतळी ताणायची, पाणसळ ठेवायची, ओळंबा सोडायचा. मी बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवा, ती जागची हलणार नाही. पण फरशी कापली की कोपरे उरतात, पेटी उतरवताना एखादी फुटते. तो चुरा आम्ही खड्ड्यात भरतो. सुशीला तो वेचायची. संध्याकाळी डब्याच्या पिशवीबरोबर तिच्या हातात फुटक्या टाइलचं पोतं असायचं. घरी आल्यावर रंगारंगाचे वेगळे डबे लावायची.

"काऊन जमा करून राहिली हा कचरा? घर भरून टाकशीन," मी म्हणायचो.

"राहू द्या ना. खाऊन नाही राहिला तो तुमाले."

एकदा मी आठ दिवस सौंसरला एका शाळेच्या कामावर होतो. आमची मुलगी केतकी तेव्हा लहान होती म्हणून सुशीला घरीच राहिली. परत आलो, हातपाय धुवायला मोरीत गेलो आणि थांबलो. मोरीच्या भिंतीवर संत्र्याची फांदी होती. नारिंगी-पिवळ्या तुकड्यांची संत्री, चार हिरव्या रंगांची पानं, आणि एक संत्रं अर्धं सोललेलं. कडक टाइलमधून तिनं वळणारी साल काढली होती. मला बरं वाटायला पाहिजे होतं. मी वाकून पाहिलं आणि म्हणालो, "जोड सरळ नाहीत."

"संत्र कुठं सरळ असते?" ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

पांढुर्णा जिल्हा झाला तसे गावात बंगले उठायला लागले. संत्र्याचे व्यापारी श्रीकांतभाऊ यांच्या बंगल्याचं काम मला मिळालं. मोठा हॉल, महागडी पांढरी टाइल, एका टाइलला दुसरी कुठं भेटते ते नखानंसुद्धा कळू नये असं काम केलं मी. उंबऱ्यापुढची तीन फूट जागा उरली होती. मालकीणबाई प्रतिभाताईंनी सुशीलाच्या मोरीबद्दल कुठून तरी ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, तेवढं तुमच्या बाईले करू द्या." तिनं त्या तीन फुटांत कापसाचं झाड केलं, फुटलेल्या बोंडासकट. वास्तुपूजेला पाहुणे आले. सगळे त्या तीन फुटांपाशी वाकून उभे. चपला मात्र काढल्या माझ्या फरशीवर.

पोटात दुखायला लागलं ते त्या दिवसापासून. पक्कड कशी धरायची हे तिला कोणी शिकवलं? मी. सांध्यातलं सफेद सिमेंट ओलं असताना कसं पुसायचं? तेही मी. आणि आता फोन तिला येऊ लागले. मी तिच्याबरोबर गेलो की लोक मला म्हणायचे, "मिस्त्री, तुमी खालची सपाट फरशी करून द्या." सपाट! हा शब्द मला शिवीसारखा लागायचा. मग मी खुनशीपणा सुरू केला. उरलेला चुरा तिच्या हाताला लागायच्या आत खड्ड्यात लोटायचा आणि वर मुरूम टाकायचा. तिनं भांडण केलं नाही. दुसऱ्या मिस्त्र्यांना सांगून ठेवलं. तिगावचा सुरेश मिस्त्री तर मोटरसायकलला पोतं बांधून आणून द्यायचा आणि वर म्हणायचा, "वहिनी, निळा रंग भेटला आज." त्याचं काम माझ्यापुढे काहीच नाही, हे इथं नोंदवून ठेवतो.

मग विहाराचं काम आलं. आमच्या वॉर्डात नवं बुद्धविहार बांधून झालं होतं. कमिटीचे अध्यक्ष भगवंतराव रेल्वेतून रिटायर झालेले, बोलणं कमी आणि सगळं वेळेवर. ते स्वतः घरी आले. मला वाटलं सभागृहाच्या फरशीचं विचारतील. ते माझ्याशी दोन शब्द बोलले आणि सुशीलाकडे वळले. "बाई, समोरच्या भिंतीवर तथागत पाहिजेत. तुमच्या तुकड्यातले. बुद्धपौर्णिमेच्या आधी."

सुशीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर तिनं संत्री केली, कापूस केला, मोर केले. हे काम वेगळं होतं. जिथं सगळी वस्ती हात जोडणार, तिथं तिच्या हाताचं काम लागणार होतं. आणि माझं? मी घरात बसलो होतो, कपबशी हातात धरून.

पण चार फूट रुंद आणि पाच फूट उंच चित्र, तेही माणसाच्या डोक्याच्या वर. परांचीवर बसून एकेक तुकडा चिकटवणं अवघड होतं. केतकी आता नागपूरला नर्सिंग शिकते. तिनं मोबाईलवर एक रीत शोधून पाठवली. जाड खाकी कागदावर चित्र काढायचं, त्यावर खळीनं तुकडे पालथे चिकटवायचे, म्हणजे टाइलचा रंगीत चेहरा कागदाकडे. मग कागदाचे चौकोन कापून सगळे भिंतीवर ओल्या मसाल्यात दाबायचे. मसाला धरला की कागद भिजवून सोलायचा, रंगीत बाजू वर येते. सुशीलानं आधी घरच्या भिंतीवर एक कमळ करून पाहिलं. उत्तम आलं. कमळ डावीकडून उजवीकडे सारखंच असतं, त्यामुळे त्यात काही कळलं नाही.

तिनं कॅलेंडरवरच्या बुद्धाचं चित्र चौकटी आखून मोठं केलं. भूमिस्पर्श मुद्रा. डावा हात मांडीवर, उजवा गुडघ्यावरून खाली, बोटं जमिनीला टेकलेली. उजवा खांदा उघडा. जसं दिसतं तसंच कागदावर काढलं आणि त्यावर तुकडे पालथे लावायला लागली.

तिसऱ्या दिवशी मी पाण्याचा तांब्या घ्यायला तिथून गेलो आणि एका नजरेत मला दिसलं. कागद पालथा होणार. डावीकडचं सगळं उजवीकडे जाणार. भिंतीवरचा बुद्ध डाव्या हातानं भूमीला स्पर्श करणार आणि त्याचा उजवा खांदा झाकलेला असणार. चित्र आधीच उलटं काढायला हवं होतं. एवढंच सांगायचं होतं. दोन वाक्यं. तीन दिवसांचं काम वाया गेलं असतं, बाकी काही नाही.

मी तांब्या भरला, पाणी प्यायलो आणि बाहेर गेलो.

का नाही सांगितलं? जळत होतो म्हणून. मला वाटलं, होऊ दे एकदा चूक. लोकांना कळू दे की फुटक्या तुकड्यांमागेसुद्धा मिस्त्रीचं डोकं लागतं. आज नाही, उद्या सांगू, असंही वाटायचं. उद्या आणखी दहा ओळी लागलेल्या असायच्या. मग सांगणं म्हणजे आजवर गप्प होतो हेही सांगणं झालं असतं. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारा माणूस मी म्हणीत ऐकला होता. तो आमच्याच घरात राहतो हे तेव्हा कळलं.

तिनं विचारलंही. एक-दोनदा नव्हे, रोज. पाठ दुखायची तेव्हा भिंतीला टेकून बसायची आणि म्हणायची, "का हो, तुमी पाहा ना जरा. काही चुकून राहिलं का माह्याकडून?"

"मले काय समजते त्यातलं? मी सपाट फरशीवाला."

ती हसायची. तिला वाटायचं मी चिडवतोय.

अडतीस दिवसांनी कागद भरला. तिनं त्याचे वीस चौकोन कापले. ओळीत चार, अशा पाच ओळी. मागच्या कोऱ्या बाजूवर नंबर टाकले. मग म्हणाली, "भिंतीवर तुमीच लावान. तुमच्यासारखा ओळंबा कोनाचा नाही." कमिटीसमोर म्हणाली हे. भगवंतरावांनी मान हलवली. आणि मला, खरं सांगतो, आनंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी चारचौघांत माझ्या ओळंब्याचं नाव घेतलं होतं. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. पण मी परांचीवर चढलो.

काम मात्र मी जीव लावून केलं. खालच्या ओळीपासून सुरुवात. ती खालून मसाला द्यायची, मी नंबर सांगायचो, ती चौकोन वर करायची. सतरा, अठरा, एकोणीस, वीस. एकही जोड केसाएवढा हलला नाही. भिंत खाकी कागदानं भरली तेव्हा दुपार झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद सोलायला वस्तीतली पन्नासेक माणसं जमली. सुशीला परांचीवर चढली, ओल्या फडक्यानं वरचे कागद भिजवले आणि अलगद सोलले. चेहरा उघडला. मिटलेल्या पापण्या, ओठांवर हसू यायच्या आधीची शांतता. खालून कोणीतरी "साधू, साधू" म्हणालं. एक म्हातारी रडायला लागली. मीसुद्धा वर पाहतच राहिलो. मला वाटलं, ही माझी बायको आहे, आणि मी काय करून बसलो.

पुढचा कागद निघाला. खांदा. मग हात. मग जमिनीला टेकलेली बोटं.

भगवंतराव पुढे आले, चष्मा पुसला, पुन्हा लावला. "बाई," ते अगदी हळू म्हणाले, "तथागतांचा उजवा हात भूमीले टेकते. हा डावा आहे."

सुशीलानं भिंतीकडे पाहिलं. आपला उजवा हात गुडघ्यावर ठेवून पाहिला, मग डावा. कागद पालथा पडला तर काय होतं, हे तिच्या चेहऱ्यावर एकेक पायरी उतरत गेलेलं मला खालून दिसलं. "चूक माही आहे," ती म्हणाली. "मी काढते. पुन्हा करून देते."

भगवंतरावांनी पौर्णिमा उलटून गेली तरी चालेल असं सांगितलं. माणसं पांगली. ती खाली उतरली, हातातला ओला कागद उलटा करून पाहिला, त्यावर तिनंच टाकलेला नंबर होता. तिनं त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"का हो," ती म्हणाली, "मी नंबर चित्राच्या डावीकडून टाकले होते. खालच्या ओळीत सतरा डावीकडचा. तुमी सतरा पह्यल्यांदा मागितला आन् उजव्या कोपऱ्यात लावला. कोनाले विचारलं नाही, काही नाही. सगळ्या ओळी तशाच लावल्या."

कागद पालथा होतो, डावीकडचा चौकोन उजवीकडे जातो, हे ज्याला ठाऊक आहे त्याचाच हात सतरा नंबर घेऊन उजवीकडे जाईल. डावीकडून लावले असते तर चित्राचे जोड जुळले नसते, आणि वाकडा जोड माझ्या हातून होत नाही.

"कवापासून माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. परांचीवरच सुचलं म्हणालो असतो तर तिनं कदाचित मानलंही असतं. पण तिचे डोळे समोर होते.

"तिसऱ्या दिवसापासून."

ती रडली नाही, ओरडली नाही. छिन्नी-हातोडी मागितली आणि परांचीवर चढली. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "राहू द्या." चार दिवस तिनं एकटीनं ते चित्र फोडून उतरवलं. चेहरा शेवटी. पापण्यांचे तुकडे मातीत पडताना मी विहाराच्या दारात उभा होतो आणि आत पाऊल टाकायची माझी हिंमत झाली नाही.

तिनं पुन्हा सुरुवात केली. खिडकीच्या काचेवर कॅलेंडर पालथं धरून मागून चित्र उतरवलं, आणि या वेळी सगळं बरोबर उलटं काढलं. घरात भाजी-भाकरी वेळेवर होती. माझ्याशी बोलणंही होतं, मीठ पाहिजे का, केतकीचा फोन आला होता, असं. कामाबद्दल एक शब्द नाही. मी मुद्दाम कागदाजवळून जायचो. ती मान वर करायची नाही.

कागद पुन्हा भरला, पुन्हा वीस चौकोन झाले. मी माझा ओळंबा पुसला, दोरी बदलली आणि वाट पाहत बसलो. त्या सकाळी दारात मोटरसायकल थांबली. तिगावचा सुरेश होता. सुशीलानं चौकोन त्याच्या हाती द्यायला सुरुवात केली.

मला राहवलं नाही. "त्याले येते का हे कागदाचं काम? त्याचा ओळंबा कधी सरळ पाह्यला का तू?"

ती थांबली. चौकोन छातीशी धरलेला होता.

"नाही येत त्याले," ती म्हणाली. "वाकडं लावन तो. पन काही चुकून राहिलं दिसलं, तर मले सांगन."

मग तिनं उंबरा ओलांडला आणि विहाराकडे निघाली.