मोतिया साडीच्या घडीतली पत्रकं

परवा मोबाइलवर एक बाई प्रवासाची बॅग कशी भरायची ते शिकवत होती. बटणं लावा, घडीत पातळ कागद ठेवा, एक सुरकुती पडणार नाही. खाली लोकांचे ढीगभर आभार. माझं डोकंच फिरलं. अरे, माझ्या आईने हेच काम साकीनाक्याच्या एका युनिटमध्ये चौदा वर्षं उभ्याने केलं. तिचे आभार कोणी मानले?

आई पॅकिंगच्या टेबलावर होती. परदेशी जाणारे शर्ट. कॉलरखाली पुठ्ठ्याची पट्टी, पाठीवर कागद, बाह्या मागे, मग घडी. शर्ट बोटीतून कितीही दिवस हेलकावे खात जावो, खोका उघडला की आत्ताच इस्त्री फिरवल्यासारखा निघाला पाहिजे. आणि हे करणाऱ्या बाईला संडासला जायचं तर चावी सुपरवायझरकडे मागायची. चावी त्याच्या खिशात. तो हसणार, घड्याळ बघणार, मग देणार. म्हणून टेबलावरच्या बायका दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत.

हे मला खूप उशिरा कळलं. लहानपणी मला फक्त तिचा हात माहीत होता. भांडुपच्या आमच्या खोलीत गणपतीला गावी जायच्या आधी आठवडाभर कपड्यांचं राज्य असायचं. घरात इस्त्री नव्हती. बाबांची पँट, माझा फ्रॉक, सगळ्यांवर ओला हात फिरवून ती ते गादीखाली सरकवायची आणि वर मला पुस्तक देऊन बसवायची. मी वजन. जरा खाजवलं तरी ओरडायची, "चेडवा, हलू नको! बापाशीची पँट आसा खाली!"

मग बॅग. तळाला चादरी, त्यावर पँटी, कडेच्या फटींत मोजे आणि गुंडाळलेले परकर, घड्यांमध्ये जुना पेपर. "आत हवा रवली की चुण्या पडतत," असं म्हणत ती तळहाताने हवा हाकलायची. एसटीतून अर्धमेले होऊन आम्ही गावात उतरायचो, पण कपडे असे, की काकू म्हणायची, "मुंबयची माणसां आली! उभ्यानंच इलात काय गो, बसलातच नाय?" त्या दिवशी आईची मान जरा वर असायची. ती मान मला अजून दिसते.

पुढे मी कामगार संघटनेत गेले, पत्रकं लिहायला लागले. चावीची गोष्ट आईनेच एकदा भाजी निवडताना सांगितली, जणू काही विशेष नाही. मी पेटले. दोन वर्षं साकीनाक्याच्या गल्ल्यांतून बायका जमवल्या. शेवटी नागपूरला, अधिवेशनासाठी तिकडे गेलेल्या कामगार खात्याच्या एका मोठ्या अधिकाऱ्याची भेट ठरली. तिथे आईनेच बोलावं असं सगळ्यांचं म्हणणं.

"मी नाय बोलूचंय," ती म्हणाली. मग दोन दिवसांनी, "बोलीन. पण ती ठेवणीतली मोतिया साडी नेसून. चुरगळलेल्या लुगड्यात त्याच्यासमोर भीक मागायला आल्यासारखी उभी राहणार नाही."

मी भांडले. "आई, मागणी साडी बघून मान्य होते का?"

"तुका नाय कळायचां."

निघायच्या दिवशी ती कामावरून यायची होती, म्हणून बॅग मी भरली. तिच्यासारखीच, मन लावून. घड्यांत घालायला पेपर शोधला, तर रद्दी कालच गेलेली. कोपऱ्यात छापखान्यातून सकाळीच आणलेला पत्रकांचा गठ्ठा होता. झकास, कागद तो कागद! मोतिया साडीच्या प्रत्येक घडीत मी एकेक पत्रक सरकवलं आणि तळहाताने हवाही काढली.

नागपूरच्या मुक्कामी आईने साडी उघडली. एकही चुणी नव्हती. पण शाई ओली होती. पदरावर, निऱ्यांवर, जिकडे बघावं तिकडे काळी उलटी अक्षरं: 'संडासाची चावी आमच्या हातात द्या!'

आमच्याबरोबर आलेली तिच्या टेबलावरची मैत्रीण हसत सुटली. "आता तू नको बोलूस गं, पदरच बोलेल! साहेबाला फक्त आरसा द्यायचा."

आई हसली नाही. साडी उलटी धरून बघितली, पदर आत खोचून बघितला. लपवायला जागाच नव्हती. दुसरी कोरी साडी कुणाकडेच नव्हती. मला वाटलं, वाट लागली. दोन वर्षांचं काम मी माझ्याच पत्रकांनी बुडवलं.

"आई, मी बोलू का तुझ्याऐवजी?"

"तू उभी राहिलेलीस काय त्या टेबलापाशी?" एवढंच म्हणाली, आणि रात्रभराच्या प्रवासात चुरगळलेली अंगावरची साडी तशीच ठेवून निघाली.

अधिकारी समोरच्या फायलीत बघत होते. आईला खुर्ची दिली, ती बसली नाही. उजव्या तळहाताने मांडीवरच्या चुण्या सारख्या करत राहिली. पुन्हा पुन्हा. मला बघवेना.

"साहेब, साडी चुरगळलीय, माफ करा. चौदा वर्षांत माझ्या हातून एक शर्ट चुरगळून गेला नाही. तुमच्या अंगावरचा पण चांगलाय, पण घडी चुकीची घातलीय, खांद्यावर मोडलाय." त्यांनी खांद्याकडे बघितलं. फाईल मिटली. "तेवढं काम करणाऱ्या बाईने लघवीला जायला पुरुषाच्या खिशातली चावी का मागायची?"

तेव्हा तिचा हात थांबला. चुण्या होत्या तशाच होत्या, आणि ती उत्तराची वाट बघत सरळ उभी होती.