मामांच्या भाच्या

कोर्टात "नातेवाईक कोण आलंय?" असा पुकारा झाला की मागच्या बाकावरून एक म्हातारा उठायचा, टोपी सरळ करायचा आणि म्हणायचा, "मी हाय की, साहेब. मामा."

नव्वदच्या दशकात शिरूर तालुक्याच्या कोर्टकचेऱ्यांत तुम्ही कधी ताटकळला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. मांडवगण फराट्याकडचे. आधी मेंढरं राखायचे, मग शेतीला लागले. बांधाच्या दाव्यासाठी यायचे आणि पुढची तारीख पडली तरी लगेच घरी जायचे नाहीत, दुसऱ्यांचे खटले ऐकत बसायचे. मी तेव्हा नवा वकील होतो. कामं कमी, मतं भरपूर.

रांजणगावला कंपन्या आल्या, हमरस्त्यावर लॉज झाली, तिथे देहविक्रीचा धंदा सुरू झाला आणि अधूनमधून धाडी पडू लागल्या. सापडलेल्या बायांना कोर्टात आणत. न्यायला घरचं माणूस आलं तर सोडत, नाहीतर सुधारगृह. एका तारखेला अशीच एक बाई भिंतीला टेकून उभी होती. पुकारा दोनदा झाला, कुणी पुढे येईना. तेव्हा मामा पहिल्यांदा उठले.

बाहेर आल्यावर मी त्यांना झापलं. "ओळख ना पाळख, तुम्ही कशाला मध्ये पडलात?"

"ती एकटी उभी हाय आन् सगळी गप. मला बसवंना."

मग भाच्या वाढतच गेल्या. शेवटी एकदा साहेबांनी चष्म्यावरून पाहत विचारलंच, "मामा, बहिणी किती तुम्हाला?"

"लई हायत, साहेब."

अख्खं कोर्ट हसलं. साहेब हसले नाहीत. "पुढच्या वेळी नात्याचा कागद आणा. खोटं निघालं तर तुम्हालाच आत पाठवीन."

इकडे बाररूममध्ये आमचा वाद रंगलेला असायचा. हा धंदा कायदेशीर करा, बायांना परवाने द्या, महिन्याच्या महिन्याला तपासणी ठेवा, असं मी तावातावाने सांगायचो. मामा दारात उभे राहून चहा फुंकत ऐकायचे.

"तपासनी कुणाची, वकीलसाहेब? येनाऱ्याची बी का?"

"बायांची."

"म्हंजी बाजारात बैलाचं दात बघत्यात तसं." मग एक घोट घेऊन, "आन् त्यो परवाना घिऊन ती पोरीच्या शाळंत जाईल व्हय?"

"मग काय, धाडीच घालत बसायच्या?"

"ते तुम्ही शिकल्यालं ठरवा. पर जाणत्या बाईला सवताच्या घरी जायला मामा कशापायी लागतो, येवढं मला सांगा."

 त्या प्रश्नाचा मला भयंकर राग आला.

पुढच्या धाडीत दौंडची सुमन सापडली. तिची मुलगी तिसरीत होती, तिकडे शेजारणीकडे ठेवलेली. सुमन सुधारगृहात गेली तर त्या पोरीला बघणारं कुणीच नव्हतं. मामांकडे कागद कुठला असणार? मी त्यांचा सदरा धरून म्हणालो, "आज उठू नका, पाया पडतो. आत जाल." त्यांनी टोपी सरळ केली.

त्या दिवशी खुर्चीवर नव्या मॅजिस्ट्रेट बाई होत्या. मामा अर्धे उठले होते, तेवढ्यात बाईंनी सुमनलाच विचारलं, "तुमचं वय काय?"

"अठ्ठावीस."

"तुम्हाला कुठं जायचंय?"

सुमनला प्रश्न कळायलाच वेळ लागला. "घरी. दौंडला. पोरगी वाट बघती."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. "जा."

मामा मटकन खाली बसले. बाहेर येऊन त्यांनी टोपी काढली, घामेजलेलं डोकं पुसलं आणि पोटभर हसले. "सुटलो बाबा! दर टायमाला पाय लटपटायचं माझं." इतकी वर्षं मी समजत होतो की या माणसाला भीती ठाऊकच नाही. मलाही इतकं हलकं वाटलं की चहाबरोबर भजीसुद्धा मागवली.

दोनेक वर्षांनी मामा गेले. बांधाचा निकाल तेव्हाही लागायचाच होता. दहाव्याला मी गावी गेलो, तर सुमन मुलीला घेऊन आलेली. दारात कुणीतरी तिला विचारलं, "कोन तुम्ही?"

"भाची," ती म्हणाली.

शेजारच्या माणसाने चमकून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं की मामांना बहीण नव्हती, ते एकुलते एक. त्या घरात हे सगळ्यांनाच माहीत होतं. मामींनी सुमनकडे पाहिलं, घोंगडीवर जराशा सरकल्या आणि म्हणाल्या, "ये गं बाई. बस हितं."