चेंबरचा नट

गॅरेजमध्ये किस्से मुद्दाम कुणी जमवत नाही. खिळे, वायसर, तुटके क्लिप जसे आपोआप डब्यात साठत जातात, तसे तेही साठतात. मग कुणी एखादा साधा प्रश्न विचारतो आणि अख्खा डबा उपडा होतो.

परवा आमच्या सोसायटीतल्या एकाने विचारलं, "गाडीचं ऑइल बदलताना तो खालचा ड्रेन प्लगसुद्धा बदलायचा का हो?" एका मिनिटाचं उत्तर आहे. आटे झिजले असतील, डोकं गोल झालं असेल, नवं वायसर टाकूनही थेंब येत असेल, तर बदला. नाहीतर हात लावू नका. बस्स!

पण हे उत्तर ठाऊक असूनही एका टॅक्सीच्या बाबतीत मला ते दोन वर्षं उघडपणे देता आलं नाही.

*

कांजूरमार्गला, आग्रा रोडवर आमचं गॅरेज होतं. गोष्ट ऐंशीनंतरच्या वर्षांतली. भागीदार आम्ही दोघं, मी आणि परब मिस्त्री. परब मालवणकडचे, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. मी त्यांना काका म्हणायचो. ऑइल जिथे साठतं त्या भांड्याला आम्ही चेंबर म्हणायचो आणि त्याच्या तळाच्या प्लगला चेंबरचा नट. तो नट परबच उघडणार आणि परबच आवळणार, हा आमच्याकडचा कायदा. बाकी अख्खं इंजिन मी खोललं तरी चालायचं!

नट बाहेर आला की ते फडक्याने पुसायचे आणि अंगठ्याचं नख आट्यांवरून फिरवायचे. डोळे मिटून. मग निकाल द्यायचे, "बरो आसा," किंवा "गेलो." त्यावर अपील नाही.

*

घाटकोपरचे एक साहेब होते, बँकेतले. त्यांनी गाडीबरोबर आलेलं पुस्तक पाठ केलेलं. दर ऑइलला नवा नट हवाच, असा त्यांचा हट्ट.

परब वैतागले. "साहेब, दार उघडलं की दर वेळी कडी बदलता काय?"

साहेब शांतपणे म्हणाले, "कडी नाही. पण कुलूप बदललं होतं एकदा. चोरी झाल्यावर."

परबांनी हातातला पाना खाली ठेवला. मग मला म्हणाले, "दिनू, ह्यांका नवो दी. माणूस पोळललो आसा."

*

दुसरा नमुना भांडुपचा. तालमीतला गडी, दंड माझ्या मांडीएवढे. त्याने आपल्या जीपचं ऑइल घरीच बदललं, पान्यावर लोखंडी पाइप चढवून नट आवळला आणि तासाभराने जीप ढकलत आमच्याकडे आणली. मागे रस्ताभर ऑइल.

"किती आवळलास?" परबांनी विचारलं.

"अजून घट्ट होतोय का बघत होतो."

"झालो?"

"झाला ना! लय घट्ट झाला. आणि मग एकदम हलका झाला."

परब कपाळाला हात लावून खाली बसले. नटाचे आटे जातात तेव्हा नट बदलता येतो. ह्याने चेंबरचेच आटे काढले होते, म्हणजे अख्खं चेंबर उतरवायचं काम. त्या दिवशी परबांनी मला एक गोष्ट सांगितली, ती मी कधी विसरलो नाही. ताकद सगळ्यांकडे असते, कुठे थांबायचं ते फक्त बोटांना कळतं.

*

आता गायकवाड. विक्रोळीत राहायचा, मूळचा बीडकडचा. काळी-पिवळी टॅक्सी स्वतःची. त्या टॅक्सीवर बायको, दोन मुली आणि गावाकडची आई, एवढी माणसं जगत होती. परबांवर त्याची श्रद्धा होती. दुसऱ्या कुणाला तो बॉनेटही उघडू द्यायचा नाही.

बुद्धपौर्णिमेला त्याच्या घरून आमच्याकडे खिरीचा डबा यायचा. एका वर्षी परबांनी दोन वाट्या खीर संपवली, वाटी चाटून पुसून ठेवली आणि म्हणाले, "डॉक्टरान बंद केल्यान गोड. चार वर्सां झाली."

"मिस्त्री, मग खाल्लीत कशाला?" गायकवाड घाबरला.

"तुझ्या बायकोन केल्ली आसा. डॉक्टराच्या बायकोन नाय."

आम्ही हसलो. साखरेचं दुखणं माणसाच्या बोटांपर्यंत पोचतं, हे तेव्हा आम्हाला कुठे माहीत!

*

ते कळलं एका वायसरमुळे. नटाखालचं तांब्याचं वायसर एकदा दाबलं गेलं की कडक होतं. ते लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकलं की पुन्हा नरम पडतं, नव्याची गरज नाही. परबांची ही जुनी पद्धत, चहाच्या स्टोव्हवरच चालायची.

त्या दिवशी ते बोलता बोलता वायसर तापवत होते. स्टोव्ह बंद केला आणि पाण्यात टाकायच्या आधीच त्यांनी ते चिमटीत उचललं. बोलणं चालूच! वास मला आला. मी ओरडलो तेव्हा त्यांनी हाताकडे बघितलं.

बोटांना फोड आले होते. मी मलम लावत होतो आणि ते दुसरीकडे बघत होते. "खंय सांगू नको," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं. त्या बोटांच्या भरवशावर आमच्या गॅरेजची पाटी उभी होती.

*

पुढच्याच महिन्यात गायकवाडची टॅक्सी पवईच्या चढावर थांबली. नशीब, ऑइलचा लाल दिवा त्याला वेळेवर दिसला. नाहीतर इंजिन जागच्या जागी जाम झालं असतं आणि पाच माणसांची वाट लागली असती.

मी रिक्षाने जाऊन बघितलं. नट अर्धा बाहेर आलेला. आटे पार झिजलेले, आंधळ्यालाही कळले असते. आठवड्यापूर्वी परबांनी ह्याच नटावरून नख फिरवून "बरो आसा" म्हटलं होतं.

मी खिशातून नवा नट काढून लावला. गायकवाड जुना हातात घेऊन उभा होता. त्याला सगळं सांगावंच लागलं.

त्याने जुना नट फडक्यात गुंडाळून मला परत दिला. मग म्हणाला, "दिनूभाऊ, हे मिस्त्रींना कळलं तर ते उद्या गॅरेजला येणार नाहीत."

मला हीच भीती होती. परबांना घरी बायको नव्हती, मूल नव्हतं. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा एवढंच त्यांचं आयुष्य होतं. म्हणून ठरलं, गुपचूप नवा नट लावला, विषय संपला.

*

विषय कसला संपतोय! दोन महिन्यांनी ऑइलची वेळ आली तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. नट उघडणार कोण? परबच! नवा नट बघितल्यावर ते विचारणारच.

मग आमचं नाटक सुरू झालं. ऑइलच्या दिवशी गायकवाड सकाळी आठला यायचा. मी नवा नट काढून तोच जुना झिजका नट दोरा गुंडाळून लावायचो. दहाला परब यायचे, तो उघडायचे, नख फिरवायचे, "बरो आसा" म्हणायचे आणि परत आवळायचे. दुपारी ते जेवायला घरी गेले की गायकवाड कोपऱ्यावरून टॅक्सी वळवून परत. नवंकोरं ऑइल डब्यात काढा, नवा नट लावा, ऑइल परत ओता. एका कामासाठी तीनदा ऑइल सांडणारं मुंबईतलं एकमेव गॅरेज आमचं!

इतर गाड्यांचे नट मी परबांच्या मागून तपासायचो. त्यांना वाटायचं, दिनू आता कामात लक्ष घालायला लागला.

*

एकदा गायकवाडची बायको शोभाताई टॅक्सीत बसली होती. आमची धावपळ बघून कंटाळली. "सरळ सांगत का नाही त्यांना? दोघं बाप्ये असून घाबरता!"

"तू सांग मग," गायकवाड म्हणाला.

परब जेवून आले तशी ती तरातरा गेली. अर्ध्या तासाने परत आली. हातात सुक्या बांगड्यांची पुडी.

"सांगितलंस?"

"काय सांगू?" ती म्हणाली. "मी गेले तर त्यांनी खुंटीवरचा स्वतःचा शर्ट काढून खुर्ची पुसली आणि मला बसवलं. मुलींची नावं विचारली, इयत्ता विचारली. मला नाही जमलं."

त्यानंतर नाटकाला तिचीही संमती मिळाली.

*

असं दोन वर्षं चाललं. मग एका सकाळी गायकवाड आठला आला, टॅक्सी खालून काम करायच्या खड्ड्यावर घेतली, मी पाना उचलला आणि मागून आवाज आला, "आज लवकर जाग इली माका."

परब! शर्ट खुंटीला लावून, माझ्या हातातला पाना घेऊन ते थेट खड्ड्यात उतरले. जुना नट अजून लावायचाच राहिला होता. गाडीला नवाच होता. गायकवाडने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

खाली ऑइल गळायला लागल्याचा आवाज आला.

परब वर आले. नट फडक्याने पुसला. डोळे मिटून नख फिरवलं. मग डोळे उघडून दाराशी गेले, नट उजेडात धरला, हळूहळू गोल फिरवला.

"गायकवाड, ह्यो नट लावन किती वर्सां झाली रे?"

"झाली असतील... सात-आठ."

"बघलंस दिनू?" परब म्हणाले. "मी काय सांगत होतंय? नीट सांभाळलो तर बदलूची गरजच नाय. अजून नवो आसा."

आम्ही दोघांनी माना हलवल्या. परबांनी नट माझ्या तळहातावर ठेवला, त्यावर पाना ठेवला, माझी मूठ मिटली.

"आज तू आवळ," म्हणाले. आणि खड्ड्याच्या कडेला स्टूल ओढून माझ्या हातांकडे बघत बसले.